घरच्या यंत्रावर रक्तदाब दर वेळी वेगळा येतो: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा

तक्रार जवळपास प्रत्येक घरात सारखीच असते. सकाळी यंत्राने १५४/९२ दाखवले, शंका आली म्हणून लगेच पुन्हा मोजले तर १४१/८६ आले, तिसऱ्यांदा १३७/८४, आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी मोजले तेव्हा १६०/९४ निघाले. मग घरात दोन मते होतात. एकाला वाटते यंत्र बिघडले, दुसऱ्याला वाटते गोळी लागू पडत नाही. यानंतर जे घडते ते खरे काळजीचे आहे. कोणी यंत्र कपाटात टाकून देतो, कोणी आकडा चांगला आला त्या दिवशी गोळी घेत नाही, आणि कोणी दिवसभर पट्टा बांधून बसतो व प्रत्येक आकड्यागणिक अधिक घाबरतो. यांतले काहीही करण्याआधी आकडा कशामुळे हलतो हे क्रमाने तपासता येते. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष यंत्रातही नसतो आणि गोळीतही नसतो, तो बसण्याच्या रीतीत किंवा पट्ट्याच्या मापात असतो.

ही तपासणी कधी करत बसू नये, ते आधी सांगणे आवश्यक आहे. आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर अंधुक होणे किंवा असह्य डोकेदुखी असे काही असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. तसे कोणतेही लक्षण नसेल तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि आकडा तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मर्यादा याहून बरीच खाली आहे: १४०/९० दिसले तरी डॉक्टरांना कळवावे, आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आकडा मुळात स्थिर का नसतो

विश्रांतीच्या अवस्थेत हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त धमन्यांत ढकलते. हृदय आकुंचन पावते तेव्हा धमनीच्या भिंतीवर जो सर्वाधिक दाब येतो तो वरचा आकडा, आणि पुढच्या ठोक्यापूर्वी तो उतरत उतरत जिथे टेकतो तो खालचा आकडा. हा दाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय किती रक्त फेकते, आणि पुढच्या बारीक धमनिका त्याला किती अडवतात. यांतली दुसरी गोष्ट विलक्षण संवेदनशील आहे, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट न होता सोळापट होतो. म्हणून धमनिकांच्या भिंतींतील स्नायू जरासे आवळले तरी दाब चटकन चढतो. थंड पाण्याचा स्पर्श, दारावरची बेल, मनात आलेली एखादी चिंता किंवा ‘आता किती येईल’ हा विचार एवढेही त्याला पुरते.

शरीर हा चढउतार सतत सावरत असते. मानेतील आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतील ताणसंवेदक दाब वाढल्याची वर्दी मेंदूला देतात आणि काही क्षणांत हृदयाची गती व धमनिकांचा ताण बदलतो. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी राखून किंवा सोडून हेच काम तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने करतात. झोपेत दाब सामान्यतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढतो. त्यामुळे एका मिनिटाच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांत ५ ते १० चा फरक पडणे हा दोष नव्हे. पहिले मोजणे बहुधा सर्वांत जास्त येते, कारण पट्टा फुगू लागला की माणूस नकळत सावध होतो. सुरुवातीच्या उदाहरणातील १५४, १४१, १३७ ही उतरण नेमकी हीच गोष्ट सांगते, आणि तिच्यावरून यंत्राला दोष देता येत नाही.

यंत्र नेमके काय मोजते

दंडाला हवेचा पट्टा बांधून धमनी दाबायची आणि हळूहळू हवा सोडायची ही रीत इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली मांडली. त्यांना नाडी बोटांनी चाचपावी लागत असल्यामुळे फक्त वरचा आकडा मिळत असे. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची पद्धत दिली: हवा सोडताना ठोक्याचा पहिला आवाज आला की वरचा दाब, आणि आवाज थांबला की खालचा. डॉक्टर कानाला नळ्या लावून मोजतात ते आजही याच पद्धतीने.

घरचे स्वयंचलित यंत्र मात्र काही ऐकत नाही. पट्ट्यातील हवेचा दाब बदलत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्याने त्या हवेत जी बारीक थरथर उठते ती ते टिपते. ही थरथर धमनीतील सरासरी दाबाच्या आसपास सर्वांत मोठी होते, आणि त्या शिखरावरून वरचा व खालचा आकडा यंत्र आपल्या गणिताने काढते. हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि ते जाहीर केलेले नसते. यावरून दोन गोष्टी समजतात. मोजताना बोट हलले, खोकला आला किंवा कोणी पट्ट्याला हात लावला तर यंत्र त्या हालचालीलाही थरथर समजू शकते. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी अगदी एकच आकडा द्यावा ही अपेक्षाच चूक आहे, तेव्हा शेजाऱ्यांच्या यंत्राशी तुलना करून निष्कर्ष काढू नये.

पहिली तपासणी: बसणे आणि हात

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू आणि व्यायाम नको. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या पुष्कळ स्त्रिया ती तंबाखूत धरतच नाहीत, पण निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जाते आणि दाब वाढवते, म्हणून सकाळची मिश्री आणि सकाळचे मोजणे यांत अंतर हवेच. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन यावे; नुसत्या भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा १० किंवा अधिकने चढू शकतो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. गप्प म्हणजे खरोखर गप्प, कारण बोलताना दाब सहज दहाने वाढतो. मोजणारी सून आणि मोजून घेणारे सासरे गप्पा मारत असतील किंवा समोर टीव्हीवर बातम्या चालू असतील, तर ती पाच मिनिटे धरू नयेत. पलंगाच्या कडेला पाय लोंबते ठेवून किंवा जमिनीवर मांडी घालून बसल्याने पाठीला टेका मिळत नाही आणि हाताची उंचीही बिघडते.

हाताच्या उंचीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून तिचे गणित एकदा समजून घ्यावे. रक्तदाबाचे आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि पारा रक्तापेक्षा सुमारे तेरापट जड आहे. म्हणजे पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १३ मिलिमीटर खाली असेल तर आकडा १ ने वाढतो, आणि १० सेंटिमीटर खाली असेल तर ७ ते ८ ने वाढतो. वर असेल तर तितकाच कमी येतो. यात यंत्राची काही चूक नाही. लोंबत्या हाताच्या धमनीत वरच्या रक्ताच्या स्तंभाचा भार खरोखरच जास्त असतो. हात अधांतरी धरला तर स्नायूंच्या ताणाची त्यात आणखी भर पडते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, मेजावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी ४ ने आणि हात बाजूला लोंबता ठेवल्यास सुमारे साडेसहाने जास्त आला. तेव्हा हात मेजावर पूर्ण टेकवावा, तळवा वर आणि सैल असावा, आणि पट्ट्याचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याच्या पातळीवर यावा. मेज बुटके असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर घ्यावी.

दुसरी तपासणी: पट्टा

इतके सगळे नीट करूनही आकडे सतत चढेच येत असतील, आणि विशेषतः दंड जाड असेल, तर सर्वांत आधी पट्ट्यावर संशय घ्यावा. यंत्र खरेदी करताना लोक ब्लूटूथ आहे का, आवाजी घोषणा आहे का, किती जणांच्या नोंदी राहतात हे विचारतात. आपल्या दंडाचा घेर किती हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. माझ्या मते खरेदीतला पहिला प्रश्न तोच असायला हवा.

दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजता येतो. खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, टेप न आवळता माप घ्यावे. मग पट्ट्यावर छापलेली मर्यादा पाहावी. बऱ्याच यंत्रांसोबत मिळणारा मध्यम पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. काही कंपन्या २२ ते ४२ सेंटिमीटरचा रुंद मर्यादेचा पट्टा देतात, आणि मोठा पट्टा वेगळा विकतही मिळतो. मात्र तो त्याच कंपनीचा आणि त्याच यंत्रासाठी सांगितलेला असावा. पट्ट्याच्या आत हवेची जी पिशवी असते तिची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के हवी, हे त्यामागचे प्रमाण आहे.

लहान पट्ट्याने आकडा का वाढतो, याचे कारण सरळ आहे. अरुंद पिशवीचा दाब दंडाच्या मांसातून खोलवर धमनीपर्यंत पुरा पोहोचत नाही, म्हणून धमनी बंद करायला पट्ट्यात जादा हवा भरावी लागते, आणि यंत्र तो जादा दाबच रक्ताचा दाब म्हणून नोंदवते. ही जुनीच अडचण आहे: रिव्हा-रोच्ची यांचा मूळ पट्टा अवघा ५ सेंटिमीटर रुंद होता, आणि त्यावर आकडे वाजवीपेक्षा चढे येतात हे लक्षात आल्यावर १९०१ मध्ये जर्मन वैद्य फॉन रेकलिंगहाउझेन यांनी रुंद पट्टा सुचवला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या बाल्टिमोर येथील चाचणीत ज्यांना अतिमोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा मध्यम पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त दिसला. म्हणजे प्रत्यक्षात १२५ असलेल्या माणसाला यंत्र १४५ दाखवील, आणि नको असलेली गोळी सुरू होण्याची वेळ येईल. उलट बारीक दंडाला सैल, मोठा पट्टा लावला तर आकडा थोडा कमी दिसतो आणि खरा वाढलेला दाब झाकला जातो. वयोमानाने दंड सुकलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत ही दुसरी चूक लक्षात ठेवावी.

बांधण्याची रीतही महत्त्वाची आहे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी किंवा छापलेली खूण धमनीवर येईल असा बांधावा. कडेखाली दोन बोटे जातील इतकाच सैलपणा असावा. स्वेटरवरून किंवा जाड बाहीवरून मोजू नये. बाही वर गुंडाळल्याने दंडाला करकोचा पडत असेल, जसा ब्लाउजच्या घट्ट बाहीने पडतो, तर ती बाही काढून किंवा सैल कपडे घालूनच मोजावे. घरातल्या स्त्रीचा दाब या संकोचापायी वर्षानुवर्षे चुकीचा नोंदवला जावा, हे मला फार खटकते.

जाड दंडाला पट्टा बसत नाही म्हणून अनेक जण मनगटाचे यंत्र घेतात. मनगट हृदयाच्या पातळीवर धरावे लागते आणि त्यात थोडी चूक झाली तरी वरचे तेरापटीचे गणित लागू होते, म्हणून दंडाला पट्टा बसवणे शक्यच नसेल तर आणि डॉक्टरांना विचारूनच तो मार्ग घ्यावा. बोटावर लावायची यंत्रे आणि पट्ट्याशिवाय दाब सांगणारी घड्याळे यांच्या आकड्यांवर औषधाचा निर्णय घेऊ नये.

तिसरी तपासणी: यंत्र

आता यंत्राची पाळी. सेल संपत आले असतील तर बदलावेत, नळी सांध्याशी तडकली आहे का ते पाहावे, आणि पट्ट्याची चिकटपट्टी फुगताना सुटते का याकडे लक्ष द्यावे. मग यंत्र सोबत घेऊन दवाखान्यात जावे आणि त्याच हातावर, एकेक मिनिट थांबून, आलटूनपालटून दवाखान्याचे व घरचे अशी मोजणी करून घ्यावी. सरासरीतला फरक ५ च्या आत असेल तर यंत्र ठीक आहे. ६ ते १० असेल तर ही तुलना पुन्हा करावी, आणि १० पेक्षा जास्त फरक टिकून राहिला तर यंत्र बदलावे किंवा कंपनीकडे तपासणीला द्यावे. दोन्ही हातांना दोन यंत्रे लावून एकाच वेळी तुलना करू नये, कारण दोन हातांत स्वाभाविक फरक असू शकतो.

नवे यंत्र घेताना ते मान्यताप्राप्त चाचणीत उतरलेले आहे का ते पाहावे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणीत यंत्राची सरासरी चूक ५ मिलिमीटरपेक्षा आणि तिचे प्रमाण विचलन (चुका सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) ८ पेक्षा जास्त असून चालत नाही. अशा चाचणीत उतरलेल्या यंत्रांची नावे ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत मिळतात. खोक्यावर ‘अचूक’ असे छापलेले असणे हा पुरावा नव्हे.

आकडे कसे नोंदवावेत

पहिल्या वेळी दोन्ही हातांना मोजावे. फरक १० पेक्षा जास्त असेल आणि तो पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ज्या हाताचा आकडा मोठा तोच हात पुढे नेहमी वापरावा आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. एका हाताच्या धमनीतील अडथळ्याने असे होऊ शकते.

पुढे सात दिवस सकाळ-संध्याकाळ, दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळचे मोजणे लघवीला जाऊन आल्यावर, पण चहा, न्याहारी आणि गोळी यांच्या आधी व्हावे. सगळे आकडे, आवडलेले आणि न आवडलेले, वहीत जसेच्या तसे लिहावेत. सात दिवसांचे २८ आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढावी, वरच्या आकड्याची वेगळी आणि खालच्या आकड्याची वेगळी. घरच्या मोजण्यासाठी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर दाब वाढलेला धरतात. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० आहे. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना २०१७ पासून १३०/८० ही मर्यादा मानतात. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार पाहून डॉक्टर आपले लक्ष्य वेगळे ठेवतील, आणि त्या निर्णयासाठी त्यांना एखाद्या आकड्यापेक्षा ही सरासरी कितीतरी अधिक उपयोगी पडते.

तरीही मेळ बसत नसेल तर

दवाखान्यात चढा आणि घरी सामान्य दाब येणे ही ओळखीची अवस्था आहे. पांढऱ्या कोटाच्या धास्तीने तो चढतो. तिला तातडीने गोळीची गरज नसली तरी अशा माणसांत पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून घरचे मोजणे सोडू नये. याच्या उलट, दवाखान्यात सामान्य आणि घरी चढा दाब असणे अधिक धोक्याचे आहे, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी घरची वही हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि ‘घरचे यंत्र काय खरे धरायचे’ असे म्हणून ती बाजूला सारू देऊ नये.

सकाळी चढा आणि संध्याकाळी ठीक असे सातत्याने दिसत असेल तर गोळीचा असर रात्रभर पुरत नसण्याची शक्यता आहे. गोळीची वेळ स्वतः बदलू नये, वही दाखवावी. पूर्वी नियंत्रणात असलेला दाब अचानक चढू लागला तर गेल्या काही आठवड्यांत काय नवे घेतले ते आठवावे: गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, नाक मोकळे करणारी सर्दीची गोळी, स्टेरॉइड, आम्लपित्तासाठी रोज घेतलेली फसफसणारी सोडायुक्त पावडर, घशासाठी चघळलेले ज्येष्ठमध. यांतली प्रत्येक वस्तू दाब वाढवू शकते, आणि शेवटच्या दोन वस्तू तर औषधांत मोजल्याच जात नाहीत. मिठाचाही हिशेब घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण व खारवलेली मासळी यांतले मीठही धरलेले आहे.

वृद्धांच्या बाबतीत बसून घेतलेला चांगला आकडा पुरेसा नसतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर उभे राहिल्यानंतर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, जवळ कोणीतरी उभे असताना, पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते लगेच कळवावे, कारण अशा माणसाची गोळी वाढवल्यास तो पडू शकतो.

आकडे विनाकारण खालीवर होत असतील आणि यंत्र अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दाखवत असेल, तर मनगटावर नाडी पाहावी व ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली असेल तर प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो आणि थरथर मोजणाऱ्या यंत्राचे गणित डळमळते. अशा रुग्णांत निदान तीन मोजण्यांची सरासरी घ्यावी आणि डॉक्टरांनी कानाने मोजलेला आकडा सोबत ठेवावा.

हे सर्व करूनही घर आणि दवाखाना यांचा मेळ बसला नाही, तर डॉक्टर २४ तासांची मोजणी सुचवतात. कमरेला लहान यंत्र आणि दंडाला पट्टा बांधतात. तो दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्रीही ठरावीक अंतराने आपोआप फुगतो. पूर्ण २४ तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५ आणि झोपेतली १२०/७० या मर्यादांवर ते आकडे पडताळले जातात. त्या दिवशी नेहमीची कामे करावीत, पट्टा फुगू लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवावा, आणि झोपण्याची, उठण्याची व गोळीची वेळ कागदावर लिहावी, म्हणजे रात्री दाब उतरतो की नाही हे त्या नोंदींवरून ठरवता येते.